तुमचं वाद्य ऑर्केस्ट्रात कुठे वाजतंय? मोबाईलवर शोधा

रिसोडहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. तो लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. म्हणतो, "भाऊ, यूट्यूबवर सिम्फनी ऐकतो, पण त्यात माझं वाद्य कुठे आहे तेच समजत नाही."

प्रश्न एकदम बरोबर आहे. पन्नास-साठ जण एकत्र वाजवत असताना कान गोंधळतातच. मुंबईत एनसीपीएला जाऊन समोर बसून बघणं वाशिमकरांना रोज थोडंच जमतं! म्हणून मी आयएमएसएलपी ही वेबसाईट वापरतो. २००६ मध्ये सुरू झालेला हा नोटेशनचा मोठा संग्रह आहे आणि वापरायला मोफत.

बीथोवनची पाचवी सिम्फनी घ्या. नाव इंग्रजीत टाईप करा, सोबत 'ओपस ६७' हा कृतीचा क्रमांकही टाका, म्हणजे नेमकं पान सापडतं. त्या पानावर वाद्यांची यादी असते. काही संदर्भसूचींमध्ये हीच यादी नुसत्या आकड्यांत देतात: ३ २ २ ३ – २ २ ३ ०. क्रम ठरलेला असतो. आधी फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून; मग हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा. म्हणजे क्लॅरिनेट दोन, ट्यूबा नाही. फ्लूटच्या तीनमध्ये एक छोटा पिकोलो आहे.

पण आकडा फक्त माणसं मोजतो. कोण कधी वाजवतं, हे स्कोअर उघडल्यावरच कळतं. तीन ट्रॉम्बोनवाले थेट चौथ्या मूव्हमेंटपर्यंत गप्प बसतात! आणि क्लॅरिनेट? सुरुवातीचे ते जगप्रसिद्ध चार स्वर व्हायोलिन वगैरे तंतुवाद्यांसोबत दोन्ही क्लॅरिनेट वाजवतात. म्हणजे भाऊ, तुझं वाद्य पहिल्या स्वरापासून तिथेच आहे.

आता वाजवून बघायचं असेल तर पूर्ण स्कोअर नको, 'पार्ट्स'मध्ये जाऊन फक्त क्लॅरिनेटचा कागद डाउनलोड कर. एक लक्षात ठेव: पहिल्या तीन मूव्हमेंट बी फ्लॅट क्लॅरिनेटसाठी लिहिल्यात, चौथी सी क्लॅरिनेटसाठी. तुझ्याकडे बी फ्लॅट असेल, तर चौथीत लिहिलेल्यापेक्षा एक पूर्ण स्वर वरचं वाजवावं लागेल. नाहीतर सगळं बेसूर.

अलीकडच्या संगीतकारांचं काही घेताना कॉपीराईट बघा. भारतात तो संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. बीथोवन १८२७ मध्ये गेला, त्यामुळे त्याची चिंता नाही.

आज रात्री एका फोनवर सिम्फनी लावा, दुसऱ्यावर पार्ट उघडा, आणि बोट फिरवत ऐका. तुमचं वाद्य कोणतं, ते मला नक्की कळवा!