समांतर दिसणे आणि समांतर असणे

एकाच प्रतलातील ज्या दोन रेषा दोन्ही दिशांना कितीही वाढवल्या तरी परस्परांना छेदत नाहीत, त्या समांतर रेषा. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने केलेली ही व्याख्या सुटसुटीत आहे. परंतु तिच्यातील ‘कितीही’ हा शब्द अडचणीचा आहे. कागद संपतो, पट्टी संपते. रेषा मात्र संपत नाही. मग दोन रेषा पुढे कोठेच भेटणार नाहीत, हे ठरवायचे कसे?

भूमितीचे प्रश्न बीजगणिताच्या भाषेत मांडण्याचा मार्ग फ्रेंच गणिती रेने देकार्त यांनी १६३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ला जिओमेत्री’ या ग्रंथात दाखवला. त्या मार्गाने पुढे विकसित झालेल्या निर्देशक भूमितीत या प्रश्नाचे उत्तर आहे ‘चढ’. रेषेवरील कोणतेही दोन बिंदू घ्यावेत आणि त्यांच्या य-निर्देशकांतील फरकाला क्ष-निर्देशकांतील फरकाने भागावे. येणारी संख्या म्हणजे त्या रेषेचा चढ. दोन रेषांचे चढ समान असतील, तर त्या क्ष-अक्षाशी समान कोन करतात. क्ष-अक्ष ही छेदिका मानली, तर हे संगत कोन होत. संगत कोन समान, म्हणून रेषा समांतर.

उदाहरणार्थ, (१, २) आणि (४, ८) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ ६ भागिले ३, म्हणजे २. (०, -३) आणि (५, ७) यांतून जाणाऱ्या रेषेचा चढ १० भागिले ५, म्हणजे पुन्हा २. या रेषा समांतर आहेत.

येथे तीन ठिकाणी सावध राहावे लागते. पहिले ठिकाण दशांश अपूर्णांकांचे. एका रेषेचा चढ ७/५ आणि दुसरीचा १०/७ असेल, तर एका दशांश स्थळापर्यंत दोन्हींचे उत्तर १.४ येते. आलेखावरही त्या समांतर भासतात. परंतु तिरकस गुणाकार केला, की एकीकडे ४९ आणि दुसरीकडे ५० येतात. पहिली रेषा (०, ०) मधून आणि दुसरी (०, १) मधून जात असेल, तर त्या (-३५, -४९) या बिंदूत एकमेकींना छेदतात. वहीतील आलेख सहसा तेथवर पोहोचत नाही. म्हणून चढ अपूर्णांकाच्या रूपातच ठेवावा.

दुसरे ठिकाण एकच रेषा दोनदा मोजण्याचे. (२, ४) आणि (५, १०) यांतून जाणाऱ्या रेषेचा चढही २ आहे. पण ती वर घेतलेली पहिलीच रेषा आहे. म्हणून चढ समान आल्यावर एका रेषेवरील बिंदू दुसरीवर आहे का, हे पाहणे आवश्यक ठरते. एवढी एक पायरी गाळून ‘म्हणून रेषा समांतर’ असे लिहिले, तर सिद्धता अपुरी राहते.

तिसरे ठिकाण उभ्या रेषांचे. क्ष = ३ या रेषेवर क्ष-निर्देशकांतील फरक शून्य असतो आणि शून्याने भागता येत नाही. त्यामुळे तिचा चढ सांगताच येत नाही. तरीही क्ष = ३ आणि क्ष = ७ या रेषा समांतर आहेत.

समीकरणे दिली असतील, तर सहगुणकांवरून ही तिन्ही ठिकाणे एकदम सांभाळली जातात. २क्ष + ३य = ६ आणि ४क्ष + ६य = १५ या समीकरणांत २ × ६ आणि ४ × ३ हे दोन्ही गुणाकार १२ येतात; म्हणजे दिशा एकच. क्ष आणि य यांचे सहगुणक दुप्पट झाले आहेत, पण ६ ची दुप्पट १५ नव्हे. म्हणून रेषा भिन्न आणि समांतर. उजवीकडे १२ असते, तर रेषा एकच ठरली असती. उभ्या रेषांत य चा सहगुणक शून्य असल्याने दोन्ही गुणाकार शून्य येतात आणि भागाकाराचा प्रश्नच उरत नाही.

दहावीच्या बीजगणितात एकसामयिक समीकरणे सोडवताना ज्याला ‘निश्चयक’ म्हणतात, तो या दोन गुणाकारांमधील फरकच होय. तो शून्य आला आणि रेषा भिन्न असल्या, तर समीकरणांना सामाईक उकल नसते. रेषांच्या भाषेत याचाच अर्थ असा, की त्या कितीही वाढवल्या तरी भेटणार नाहीत. जे पट्टीने कधीच तपासता आले नसते, ते दोन गुणाकारांत ठरते.