अर्ज ते प्रमाणपत्र

हरियाणातल्या कारखान्यात कामगारांनी नवी युनियन काढली, की तिच्या नोंदणीचा अर्ज राज्याच्या राजधानीत, म्हणजे चंदीगडला जातो. जून २०११मध्ये मानेसरच्या मारुती सुझुकी कारखान्यातल्या कामगारांनी असाच अर्ज केला. अर्जदारांची आणि पदाधिकाऱ्यांची नावे, पत्ते, हुद्दे त्यात लिहावेच लागतात. पडताळणी सुरू झाली की पुढाकार कोणाचा, हे मालकापासून लपत नाही. कायद्याचे कवच मात्र प्रमाणपत्रानंतर मिळते. १९२६च्या ट्रेड युनियन कायद्याने दिवाणी दाव्यांपासून दिलेली मुभा नोंदणी झालेल्या युनियनलाच होती. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातला ‘संरक्षित कामगार’ही अशाच युनियनचा पदाधिकारी असावा लागे. नावे उघड झालेली आणि संरक्षण नाही, अशा दिवसांत मालकाने कोणाला कामावरून काढले, धमकावले, तर त्याला कोर्टात खेचण्याचा अधिकार कोणाला? माझ्या मते तो खुद्द कामगाराला हवा. तो सरकारकडे राहिला, की कायद्यातली चांगली कलमे कागदावरच पडून राहतात.

मानेसरमध्ये ४ जूनला संप सुरू झाला आणि तेरा दिवस चालला. त्यादरम्यान कंपनीने अकरा जणांना बडतर्फ केले. तडजोडीत त्यांना परत घ्यावे लागले. कंपनीची भूमिका अशी होती, की गुडगावच्या कारखान्यातली मारुती उद्योग कामगार युनियन असताना वेगळ्या संघटनेची गरज नाही. पण आपली बाजू कोणी मांडायची, हे ठरवण्याचा हक्क कामगारांचा आहे. राज्यघटनेच्या १९व्या अनुच्छेदाने संघटना करण्याचे स्वातंत्र्य नागरिकाला दिले आहे, आणि त्यासाठी मालकाची पसंती लागत नाही. तरीही नोंदणीचा अर्ज फेटाळला गेला. पाठोपाठ २९ ऑगस्टला कामगार कामावर आले, तेव्हा त्यांच्यापुढे ‘गुड कंडक्ट बाँड’ ठेवण्यात आला. सही केली तरच आत प्रवेश. बहुतेकांनी नकार दिला आणि पूर्ण सप्टेंबर त्यांनी फाटकाबाहेर काढला. कामगार मुद्दाम काम रेंगाळवतात, गाड्यांत खोडसाळपणा करतात, असे कंपनीचे म्हणणे होते. ते खरे मानले, तरी ज्याने चूक केली त्याची चौकशी करता येते. त्यासाठी सगळ्यांकडून सरसकट हमीपत्र घेण्याचे कारण नाही.

औद्योगिक विवाद कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत अनुचित कामगार प्रथांची यादी होती, आणि ती वाचताना ती लिहिणाऱ्यांना कारखान्याची नस किती ठाऊक होती हे कळते. युनियनमध्ये गेलात तर काढून टाकू ही धमकी, संघटना झाली तर टाळेबंदी करू हा इशारा, नेमक्या त्याच वेळी पगारवाढ देऊन लोकांना फोडणे, मालकाने स्वतःची युनियन उभी करणे, पुढाऱ्याची आकसाने बदली करणे, हे सगळे तिथे होते. कायदेशीर संपावरच्या कामगारांकडून गुड कंडक्ट बाँडचा आग्रह धरणेही होते. मग अडले कुठे? शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी होती. पण सरकारने तक्रार केल्याशिवाय किंवा तसा अधिकार दिल्याशिवाय न्यायालयाला अशा गुन्ह्याची दखलच घेता येत नव्हती. गुंतवणूक यावी म्हणून उद्योगांची मनधरणी करणाऱ्या राज्य सरकारने आपल्याच राज्यातल्या सर्वांत मोठ्या कारखानदारावर खटला भरावा, ही अपेक्षा फार भाबडी आहे.

महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. अनुचित प्रथांची व्याख्या ठरवण्यासाठी राज्याने १९६८मध्ये समिती नेमली. तिच्या अहवालातून १९७१चा कायदा झाला आणि १९७५मध्ये तो अमलात आला. त्याखाली युनियनच नव्हे, एकटा कामगारसुद्धा नव्वद दिवसांच्या आत थेट कामगार किंवा औद्योगिक न्यायालयात तक्रार करू शकतो. सरकारच्या परवानगीची अट नाही. न्यायालय अंतरिम आदेश देऊ शकते, आणि मला हे सर्वांत मोलाचे वाटते, कारण पुढाऱ्याला सात-आठ वर्षांनी परत घेतले तरी तोवर संघटना मोडलेली असते.

यावर आक्षेप येतो, की असे दार उघडले तर खोट्या तक्रारींचा पूर येईल आणि कारखाने दुसरीकडे जातील. पण हा कायदा असतानाच चाकण, रांजणगाव, वाळूजच्या औद्योगिक वसाहती वाढल्या. शिवाय सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर आहे, आणि त्याच कायद्यात युनियनच्या गैरप्रकारांचीही वेगळी अनुसूची आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मानेसरमध्ये पुढे माणूस मारला गेला. २०१२च्या सुरुवातीला नव्या युनियनची नोंदणी झाली आणि १८ जुलैच्या हिंसाचारात व्यवस्थापक अवनीश कुमार देव यांचा मृत्यू झाला. त्याचे समर्थन कशानेही होत नाही. मात्र त्यानंतर कंपनीने ५४६ कायम कामगारांना काढले, आणि १४८ आरोपींपैकी ११७ जणांना २०१७मध्ये न्यायालयाने निर्दोष ठरवले. त्यांच्यातल्या अनेकांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली. त्या दिवसाचा दाखला देऊन आदल्या वर्षीच्या बाँडचा प्रश्न झाकता येत नाही.

आता १९२६ आणि १९४७च्या कायद्यांच्या जागी औद्योगिक संबंध संहिता नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली आहे. अनुचित प्रथांसाठी दंड दहा हजार ते दोन लाख रुपये झाला. तक्रारीची किल्ली मात्र सरकारच्याच हातात आहे. दरम्यान, श्रीपेरुंबुदूरच्या सॅमसंग कामगारांना २०२४मध्ये संघटनेच्या मान्यतेसाठी ३७ दिवस संप करावा लागला आणि नोंदणी मिळायला पुढचा जानेवारी उजाडला. महाराष्ट्राचा कायदाही अपुराच आहे. कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या २००१च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की मालक-कामगार हे नातेच वादात असेल, तर त्या कायद्याखाली तक्रार चालणार नाही. कंत्राटी कामगाराचे नेमके तेच नाते मालक नाकारतो, आणि आज असेंब्ली लाइनवर त्याचीच संख्या वाढते आहे. थेट तक्रारीचा हक्क देशभर मागताना त्याला त्यात धरले नाही, तर ज्याला आज संघटनेची सर्वाधिक गरज आहे तोच बाहेर राहील.