थोडक्या सामानाची वाहतूक

शहरात बिऱ्हाड हलविणाऱ्या प्रत्येकापाशी ट्रकभर सामान असतेच असे नाही. एका खोलीत राहणाऱ्या नोकरदाराचा संसार पुष्कळदा एक पलंग, एक गादी, लहान फ्रिज आणि पुस्तकांची चार खोकी एवढाच असतो. पूर्वी अशा कामासाठी हातगाडी किंवा तीनचाकी टेम्पो शोधावा लागे. 2005 साली बाजारात आलेल्या व लोकांनी ‘छोटा हत्ती’ असे नाव दिलेल्या टाटा एस या गाडीने ही गरज बऱ्याच अंशी भागविली. पुढे 2014 साली सुरू झालेल्या ‘पोर्टर’सारख्या ॲपमुळे अशी गाडी घरबसल्या मागविता येऊ लागली.

परंतु गाडी मिळाली म्हणजे सामान हलले असे नव्हे. अशा ॲपमध्ये घरसामानासाठी निराळी सोय आखावयाची झाल्यास प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. धान्याच्या पोत्यांचा हिशेब वजनावर होतो. घरसामानाचा मात्र जागेवर होतो. गादी हलकी असते, पण जागा फार अडविते. म्हणून ग्राहकाला ‘किती किलो?’ असे विचारून उपयोग नाही; त्याच्यासमोर वस्तूंची यादी ठेवावी आणि गाडी कोणती हे त्या यादीवरून ठरावे.

दुसरा प्रश्न जिन्याचा. समजा, तिसऱ्या मजल्यावरून 20 नग उतरवावयाचे आहेत व इमारतीत लिफ्ट नाही. त्यांपैकी 4 जड नग दोघांनी मिळून उचलावयाचे. त्यांच्या 4 फेऱ्या झाल्या. उरलेले 16 नग दोघांनी एकेक करून नेले, तर आणखी 8 फेऱ्या. एका फेरीस 4 मिनिटे धरली तरी 48 मिनिटे होतात. भाडे केवळ किलोमीटरवर आकारले, तर या 48 मिनिटांचे मोल कोणी द्यावयाचे? ग्राहक समजतो की ते भाड्यातच आले. चालक समजतो की आपले काम गाडी हाकण्याचे. जिन्यातील घासाघीस येथूनच सुरू होते. यास्तव मजला, लिफ्ट व हमालांची संख्या हे तपशील आधीच विचारून हमालीची रक्कम वेगळी दाखविणे, हाच या सोयीचा गाभा होय.

ओझ्यालाही मर्यादा असते. प्रौढ पुरुषाने एकट्याने वाहावयाचे ओझे 55 किलोंच्या वर नसावे, अशी दिशा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1967 च्या शिफारशीने दाखविली आहे. यादीत लोखंडी कपाट आले की दुसरा हमाल आपोआप धरला जावा, हे त्याच तत्त्वाला अनुसरून आहे.

डोईवर ओझे वाहणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने 1969 साली माथाडी कायदा केला. ॲपवरून काम मिळविणाऱ्यांसाठी राजस्थानने 2023 साली स्वतंत्र कायदा केला. कायद्याचे संरक्षण आवश्यक आहेच. परंतु श्रम मोजले जातात की नाही, हे पुष्कळदा मागणीपत्रकातील एखाद्या साध्या रकान्यावरच अवलंबून असते.