होनोलुलूचीं मिशन-घरें

पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांवर, होनोलुलू शहरीं, तीन जुनीं घरें वस्तुसंग्रहालय म्हणून जतन केलेलीं आहेत. त्यांचें आमच्या प्रांताशीं दूरचें नातें आहे. ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले, त्याच बोर्डाची एक मंडळी १८२० सालीं या बेटांवर पोंचली. त्यांच्या मुलांनीं १८५२ सालीं स्थापिलेल्या संस्थेनें पुढें हीं घरें राखिलीं.

पहिलें घर १८२१ सालचें, लांकडी. त्याचा सांगाडा अमेरिकेंत कापून, जहाजांत भरून, दक्षिण अमेरिकेच्या टोकास वळसा घालून आणिला. थंड मुलखाच्या धाटणीचें तें घर, छत ठेंगणें व खिडक्या लहान. उष्ण बेटावर तें सुखाचें कसें व्हावें? १८३१ सालचें कोठीचें घर व १८४१ सालचें छापखान्याचें घर मात्र समुद्रांतील पोंवळ्याचे खडक कापून काढलेल्या दगडांचें आहे. बांधणारांनीं अखेर त्या जागेचाच दगड जवळ केला.

भाषेचेंहि तसेंच झालें. हवाई लोकांची भाषा पूर्वीं केवळ मुखीं होती. ७ जानेवारी १८२२ रोजीं तींतील पहिला कागद छापला गेला, व १८२६ सालीं तिचीं अक्षरें बाराच ठरलीं: पांच स्वर व सात व्यंजनें. आमची बाराखडी घोकणाऱ्या बालमित्रांस त्यांचा हेवा वाटेल! पुढें राजापासून रयतेपर्यंत लोक लिहूं-वाचूं लागले आणि त्यांचीं स्वतःचीं वर्तमानपत्रें निघालीं.

परंतु कथा येथें संपत नाहीं. १८९३ सालीं तेथील राणीचें राज्य उलथून टाकण्यांत आलें. त्यांत मिशनऱ्यांचे कांहीं वंशजहि पुढें होते. १८९६ च्या कायद्यानें शाळांतून इंग्रजी हेंच शिक्षणाचें माध्यम झालें, आणि मुलें आजीची भाषा विसरूं लागलीं. १९७८ सालीं तिला पुन्हां राजभाषेचा मान मिळाला. ती नव्यानें शिकूं पाहणारांस आधार कशाचा? पूर्वजांनीं लिहिलेल्या व छापलेल्या कागदांचा. आणि त्यांचा मोठा सांठा याच मिशन-घरांच्या ग्रंथसंग्रहांत आहे.

म्हणून आम्हांस वाटतें, जुनें घर राखावयाचें तें केवळ भिंतींच्या कौतुकासाठीं नव्हे. तेथें पूर्वजांचे उपकार दिसतात, तसे त्यांच्या वंशजांचे अपराधहि. आणि हरवलेलें कांहीं परत हवें झाल्यास तें शोधावयास एक जागा उरते. आपल्या घरच्या पेटींतील जुनीं पत्रें रद्दींत घालण्यापूर्वीं, विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं तीं एकदां वाचून पाहावीं.