सायकलवरचा पाहुणा आणि आपलं शिवार

गळीत हंगाम रंगात आला की आपल्या रस्त्यावर एखादा वेगळाच पाहुणा दिसतो. सायकलीला दोन्ही बाजूंनी थैल्या, वर गुंडाळलेला तंबू आणि माणूस एकटाच. हे काही नवं खूळ नव्हे. १९२३ साली मुंबईहून निघालेल्या पारशी तरुणांपैकी तिघे १९२८ साली सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. त्यामानानं परभणी जिल्हा म्हणजे चार दिवसांचं काम! आपल्या पोरांनाही जमण्यासारखं आहे.

बाहेरून येणारा बहुधा रेल्वेनं येतो. पूर्वी मनमाडला मोठ्या गाडीतून उतरून मीटरगेजची गाडी धरावी लागे. सायकल उतरवा, पुन्हा चढवा. १९९० च्या दशकात रूळ रुंद झाले आणि ती कटकट संपली. सायकल मात्र पार्सल ऑफिसात वेळेआधी नेऊन ब्रेकव्हानसाठी नोंदवायची, पावती जपायची, नाव आणि स्टेशन लिहिलेली चिठ्ठी दांड्याला पक्की बांधायची. उतरायचं ते परभणी जंक्शनलाच. लहान स्टेशनावर गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते. मालक फलाटावर आणि सायकल पुढच्या गावाला, असं व्हायचं.

परभणीहून उत्तरेला जिंतूर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. तिकडं नेमगिरीची जैन लेणी, पूर्णा नदीवरचं येलदरी धरण आणि चारठाण्याची हेमाडपंती देवळं. आपल्यापैकी किती जणांनी चारठाणं पाहिलंय, हा प्रश्नच आहे. दक्षिणेला तेवढ्याच अंतरावर जनाबाईंचं गंगाखेड, गोदाकाठी. वाटेत बाभळीचा काटा पंक्चर काढणारच. जादा ट्यूब, ठिगळं आणि सोल्यूशन जवळ हवं.

खरा प्रश्न रात्रीचा. गोदावरीची वाळू मऊ दिसते, पण ढालेगाव, मुद्गलसारख्या बंधाऱ्यांतून पाणी सुटलं तर झोपलेल्या माणसाला कळायचं नाही. पात्रात तंबू नकोच. काळ्या रानात अवकाळीची एक सर आली तरी चाकांत चिखल भरून सायकल खांद्यावर घ्यावी लागते. थंडीचं तर विचारूच नका. परभणीचा पारा ५ अंशांखाली गेल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा पाहुण्याला देवळाचा सभामंडप, शाळेची पडवी नाहीतर आपलं खळं दाखवावं. गावातल्या चार जणांना सांगून ठेवलं म्हणजे त्याच्याकडं कुणी संशयानं पाहत नाही.

एक गोष्ट मात्र त्याला तोंडावर सांगावी. फडाजवळ स्टोव्ह पेटवायचा नाही. शहरच्या माणसाला वाळलेलं पाचट काय चीज आहे ते ठाऊक नसतं. एक ठिणगी उडाली की वर्षाची मेहनत जाते, शिवाय जळीत उसाला कपात ती वेगळीच.

आता आपल्या बाजूचं. अंधार पडल्यावर सायकलस्वाराला सर्वांत मोठं भय आहे ते आपल्याच उसाच्या वाहनांचं. ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर नाही, बैलगाडीला कंदील नाही, आणि ट्रॅक्टर बंद पडला की चाकाखाली लावलेले दगड तसेच रस्त्यात सोडून आपण पुढं जातो. मोटारवाल्याला उजेडात ते दिसतात तरी. सायकलवाला थेट त्यावरच जातो. गाडी सुरू झाली की दगड उचलून बांधाकडं टाकावेत, आणि रिफ्लेक्टर धुळीनं माखला असेल तर निघण्यापूर्वी फडक्यानं पुसावा, एवढं ट्रॅक्टरवाल्यांना आणि गाडीवानांना आजच सांगून ठेवा.