सांदवाडीतील भरवशाची रोपे

घराच्या मागे थोडी मोकळी जागा असते. तिला कोणी परस म्हणतात, कोणी बाडी म्हणतात. आपल्या झाडीपट्टीत सांदवाडी म्हणतात. नाव कोणतेही असो, तिचे काम एकच. घरच्या चुलीला रोजची भाजी पुरवणे.

आपल्या एटापल्ली तालुक्यात या कामाला फार मोल आहे. येथे जून ते सप्टेंबर भरपूर पाऊस पडतो. नाले भरून वाहतात. कित्येक गावांची वाट बंद होते. आठवड्याच्या बाजाराला जाता येत नाही. ज्याची सांदवाडी हिरवी, त्याच्या ताटात अशा दिवसांतही भाजी असते. ज्याची सांदवाडी ओसाड, तो मीठ-मिरचीबरोबर भात खातो. वाढत्या लेकरांना आणि गरोदर बाईला तेवढ्याने पुरत नाही. म्हणून सांदवाडीत काय लावायचे, हे विचार करून ठरवावे. हाती लागले ते बी टाकले आणि देवावर सोडले, असे करू नये.

एका हंगामाची रोपे

झाडे निरनिराळ्या तऱ्हेची असतात. आंबा, फणस, शेवगा ही झाडे एकदा लावली की वर्षानुवर्षे उभी राहतात. भेंडी, मेथी, मुळा, झेंडू यांचे तसे नाही. बी पेरले, रोप आले, फूल आले, बी पिकले की रोप वाळून जाते. सारा जन्म एका हंगामात संपतो. अशा रोपांना हंगामी रोपे म्हणतात.

हंगामी रोपांचा मोठा फायदा असा, की ती लवकर फळ देतात. माठाची भाजी पंचवीस-तीस दिवसांत खुडता येते. भेंडी दीड-दोन महिन्यांत लागते. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. दर वर्षी नवे बी लागते. बी फसले तर हंगाम गेला. म्हणून या रोपांचा सारा भरवसा बियाण्यावर असतो.

तीन प्रश्न

कोणतेही रोप निवडताना स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : हे रोप या हंगामात, आपल्या मातीत वाढते काय?

दुसरा प्रश्न : धानाची रोवणी चालू असताना घरातल्या माणसांना सवड नसते. तेव्हा चार दिवस लक्ष दिले नाही, तरी ते तग धरील काय?

तिसरा प्रश्न : त्याचे बी घरी धरून पुढच्या वर्षी पेरता येईल काय?

तिन्ही प्रश्नांचे उत्तर 'होय' आले, तर ते भरवशाचे रोप समजावे.

कोणी म्हणेल, "गुरुजी, म्हणजे जे आपल्या देशाचे, तेच लावायचे ना?" तसे नाही, बरं का. वांगे, काकडी आपल्याच देशातली. पण मिरची, मका, टमाटर, लाल कोहळे आणि झेंडूसुद्धा मूळचे अमेरिका खंडातले. गेल्या सुमारे पाचशे वर्षांत ती आपल्याकडे आली. बरबटी मूळची आफ्रिकेतली. आज ती सारी आपल्या घरची झाली आहेत. रोप कोठून आले, हे महत्त्वाचे नाही. आपल्या गावच्या पावसात आणि उन्हात ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले काय, हे महत्त्वाचे.

पावसाळ्यात काय लावावे?

मृगाचा पहिला शिडकावा आला की घाई करू नये. माती वीतभर खोल भिजू द्या. मग पेरा.

बरबटी : शेंगा खाता येतात, वाळलेले दाणेही खाता येतात. जमिनीलाही कस देते. हलक्या मातीतही येते.

भेंडी : बी रात्रभर पाण्यात भिजवून पेरावे. शेंग कोवळी असतानाच तोडावी. तोडत राहिले की नवी लागत राहते.

दोडके आणि लाल कोहळे : कुडाच्या कडेला लावा. वेल कुडावर, मांडवावर किंवा छपरावर चढवा. जागा अडत नाही. पिकलेले कोहळे कोरड्या जागी कित्येक महिने टिकते.

माठ आणि अंबाडी : या पालेभाज्या कमी कष्टात येतात. माठात लोह असते. वर लिंबू पिळून खाल्ले, तर ते लोह अंगी चांगले लागते.

वाल : याचा स्वभाव समजून घ्या. गावठी वेलाचा वाल पावसाळ्यात पेरतात. वेल नुसता पसरत राहतो, फूल दिसत नाही. अधीर होऊन माणूस वेल उपटतो. उपटू नका. दिवस लहान होऊ लागले, थंडी आली, की तो फुलतो. मग पुढे कित्येक आठवडे शेंगा देतो.

झेंडू : कडेने दोन ओळी लावा. दसऱ्याला फुले घरची होतात. आणखी एक गुण आहे. काही बारीक कृमी मातीत राहून भाजीच्या मुळांवर गाठी करतात. झेंडूच्या मुळांमुळे त्या कृमी कमी होतात.

पावसाळ्यात बी मरते ते बहुधा साचलेल्या पाण्याने. म्हणून वाफा जमिनीपेक्षा वीतभर उंच करावा. त्याला गादीवाफा म्हणतात. दोन वाफ्यांच्या मधून पाणी वाहून गेले पाहिजे.

हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात

ऑक्टोबरात पाऊस थांबला की मेथी, पालक, मुळा आणि सांबार पेरा. सांबाराचे बी अखंड पेरू नये. हलक्या हाताने रगडून त्याचे दोन भाग करावेत. ते उगवायला दहा-पंधरा दिवसही लागतात. तोवर वाफा ओला ठेवा. वांगी आणि टमाटर यांची रोपे आधी एका लहान वाफ्यात वाढवावीत. ती चार-पाच आठवड्यांची झाली की हलवून लावावीत.

उन्हाळ्यात पाणी कमी. तेव्हा सारी सांदवाडी हिरवी ठेवण्याचा हट्ट नको. भांडी विसळलेले पाणी जेथे जाते, तेथे एक वाफा माठ आणि चार ओळी गवार पुरे.

फुलकोबी, गाजर, ढोबळी मिरची ही पिके वाईट नाहीत. पण त्यांना थंडी, औषधपाणी आणि देखभाल जास्त लागते. नवख्या माणसाने त्यांच्यापासून सुरुवात करू नये. पहिल्या वर्षी पाच-सहा जातीच लावा, पण नीट लावा.

बियाण्याची पुडी वाचा

आता तुम्हाला वाचता येते. बी विकत घेताना त्याचा उपयोग करा. १९६६ साली आपल्या देशात बियाणे कायदा झाला. पुडीवर काय लिहिले पाहिजे, याचे नियम त्यामुळे ठरले. पुडीवर पुढील गोष्टी पाहा.

१. पिकाचे आणि वाणाचे नाव.
२. उगवण शेकडा किती.
३. चाचणीची तारीख आणि बी कोणत्या तारखेपर्यंत चालेल ती तारीख.
४. बी संकरित आहे की साधे.

पुष्कळ पुड्यांवर अंक इंग्रजी असतात. ते दहाच आहेत. घरच्या शाळकरी मुलाकडून शिकून घ्या. त्यात लाज नाही. तारीख उलटून गेलेली पुडी स्वस्त मिळाली, तरी घेऊ नका. दुकानदाराकडून पावती मागा. पुडी आणि पावती पीक येईपर्यंत जपून ठेवा. बी फसले, तर कृषी कार्यालयात तक्रार करायला ती लागते.

संकरित बी, म्हणजे हायब्रीड, पहिल्या वर्षी भरपूर पीक देते. पण त्याचे बी धरून पुढच्या वर्षी पेरले, तर रोपे सारखी येत नाहीत. एक उंच, एक ठेंगणे, एकाला फळ, एकाला नाही. म्हणून ज्याचे बी घरी धरायचे, ते साधे किंवा गावठी असावे.

आणखी एक सावधगिरी. पुडीतल्या बियांना पुष्कळदा लाल, हिरवा, निळा असा रंग असतो. तो विषारी औषधाचा रंग होय. असे बी उरले, तरी शिजवून खाऊ नये, कोंबड्यांना टाकू नये. पेरल्यावर हात साबणाने धुवावेत. पुडी लेकरांच्या हाती देऊ नये.

दहा बियांची परीक्षा

पेरण्याआधी बियाण्याची परीक्षा घ्या. तिला पैसा लागत नाही. दहा बिया मोजून घ्या. ओल्या फडक्यात ओळीने ठेवा. फडके गुंडाळून सावलीत ठेवा. ते वाळू देऊ नका. आठ दिवसांनी उघडून मोड मोजा.

आठ, नऊ किंवा दहा बियांना मोड आले, तर बी चांगले.
पाच ते सात आले, तर बी दाट पेरा.
त्याहून कमी आले, तर दुसरे बी शोधा.

सांबाराला मात्र पंधरा दिवस वाट पाहा.

कधी परीक्षेत बी उतरते, तरी वाफ्यात उगवत नाही. याचे कारण बहुधा खोल पेरणी. बी जेवढे जाड, त्याच्या दुप्पट-तिप्पट मातीखाली असावे. बरबटीचा दाणा बोटाच्या एका पेराएवढा खोल चालतो. माठाचे बी राईहून बारीक. ते कोरड्या बारीक मातीत मिसळून वर फेकावे आणि हाताने नुसते थोपटावे.

बी घरी धरावे

पुष्कळ घरी चांगली फळे आधी खातात आणि शेवटची किडकी, वाकडी फळे बियाण्याला ठेवतात. हे उलटे झाले. वेल जोमात असताना एक-दोन उत्तम फळे निवडा. त्यांना दोरा किंवा चिंधी बांधा, म्हणजे घरात कोणी तोडणार नाही. ती वेलावरच पूर्ण पिकू द्या.

दुधी भोपळ्याचे बी धरताना त्याच वेलाच्या फळाचा बारीक तुकडा चाखून पाहा. कडू लागला तर लगेच थुंकून टाका. कडू दुधीत विष असते, त्याने माणूस फार आजारी पडतो. तो खाऊ नका, त्याचे बीही धरू नका.

बी आधी सावलीत सुकवा, मग कोवळे ऊन दाखवा. बरबटीचा दाणा दाताखाली कडकन फुटला, की बी सुकले समजावे. मग चाळलेली थंड राख मिसळून कोरड्या तुंब्यात किंवा घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा. राखेमुळे भुंगा लागत नाही. ओल शिरली की मात्र सारे वाया जाते.

हे काम किती मोठे आहे, ते एका बाईने दाखवून दिले आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुका आहे. त्या तालुक्यातील कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे राहतात. त्या महादेव कोळी समाजाच्या. शाळेत जाण्याची संधी त्यांना मिळाली नाही. पण गावठी बियाणे बुडू नये, म्हणून त्यांनी घरोघरी फिरून ते जमवले. वालाचेच कितीतरी प्रकार त्यांनी राखले. पुढे बाएफ या संस्थेची मदत मिळाली आणि त्यांच्या घरी बियाण्यांची बँक उभी राहिली. त्या बायकांना बी देतात आणि ते कसे राखावे हे शिकवतात. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. २०२० साली सरकारने त्यांना पद्मश्री हा मोठा किताब जाहीर केला.

आपल्या तालुक्यातही म्हाताऱ्या बायांच्या घरी, तुंब्यात आणि पानांच्या पुड्यांत, जुने बी अजून आहे. कोणाकडे पांढरी बरबटी असेल, कोणाकडे जांभळा वाल असेल. त्या बायांना विचारा. मूठभर बी मागून आणा, आणि पीक आल्यावर दोन मुठी परत द्या.

बी आणले की ते कागदाच्या पुडीत बांधा. पुडीवर आपल्या हाताने तीन गोष्टी लिहा : बियाचे नाव, कोणाच्या घरचे, आणि तारीख. तुंब्यातले सारे बी डोळ्यांना सारखेच दिसते. लिहून ठेवलेले मात्र पुढच्या मृगात बरोबर हाती लागते.