भंगारातले सूर

फ्लॉपी ड्राइव्हची घरघर, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची करकर किंवा स्कॅनरची कुरकुर यांपैकी कोणताही आवाज कोणी ठरवून दिलेला नव्हता. काम करताना यंत्रातून तो सांडत असे, आणि कचेरीत त्याची कटकटच होई. कालबाह्य यंत्रांपासून ध्वनिकला घडवणाऱ्यांचे सारे भांडवल म्हणजे हा सांडलेला आवाज.

गोंगाटाला संगीतात जागा मिळावी ही मागणी तशी जुनी आहे. इटालियन चित्रकार लुईजी रुसोलो याने १९१३ साली तसा जाहीरनामाच काढला आणि गोंगाट करणारी लाकडी खोकी बनवली. पॅरिसमध्ये पिएर शेफर याने १९४८ साली रेल्वे इंजिनांचे आवाज मुद्रित करून त्यांची रचना केली. मात्र या दोघांचे कान आपल्या काळातल्या चालत्या यंत्रांकडे होते. निवृत्त यंत्राचा आवाज ऐकणे ही गोष्ट वेगळी, आणि तिचे सर्वांत हृद्य उदाहरण आइसलँडमधले आहे.

तेथे १९६४ साली आयबीएम १४०१ हा संगणक आला. त्याच्या देखभालीचे काम योहान गुन्नार्सन या अभियंत्याकडे होते. या संगणकाला स्पीकर नव्हता. पण त्याच्या मंडलांतून विद्युतचुंबकीय लहरी बाहेर पडत आणि जवळ ठेवलेल्या रेडिओत त्या ऐकू येत. प्रोग्रॅममधली एखादी क्रिया सेकंदाला ठरावीक वेळा फिरवली, की रेडिओत ठरावीक उंचीचा स्वर उमटे. याच युक्तीने गुन्नार्सन आणि सहकाऱ्यांनी संगणकाकडून धून वाजवून घेतली व टेपवर उतरवली. संगणक १९७१ साली सेवेतून गेला. सुमारे ३० वर्षांनी त्या टेपा गुन्नार्सन यांचा मुलगा, संगीतकार योहान योहान्सन, याच्या हाती आल्या. त्यांच्याभोवती त्याने तंतुवाद्यांचा मोठा वृंद उभा केला आणि २००६ साली त्याचा अल्बम निघाला. यंत्राच्या नुसत्या आवाजावर न थांबता प्रिंटरच्या देखभालीच्या सूचना वाचणारा कोरडा आवाजही त्याने रचनेत घेतला. ते रुक्ष वाचन व्हायोलिनच्या साथीने करुण वाटू लागते, यात या कलाकृतीचे खरे यश आहे.

कॅनडातल्या माँट्रियलचे थॉमस मॅकिन्टॉश आणि इमॅन्युएल मदान यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस वाद्य म्हणून डॉट मॅट्रिक्स प्रिंटर निवडले. या प्रिंटरच्या डोक्यातल्या बारीक सुया शाईच्या फितीवर आदळतात. कोणते अक्षर छापायचे यावर किती सुया आणि किती वेळा आदळतील हे ठरते, म्हणून अक्षर बदलले की आवाज बदलतो. साहजिकच या वाद्यवृंदाची स्वरलिपी म्हणजे साध्या मजकुराच्या फाइली होत्या आणि संचालकाचे काम कचेरीतल्यासारखा एक सर्व्हर करत होता. डॉट मॅट्रिक्सला कालबाह्य म्हणताना मात्र थोडे जपून बोलावे. कार्बन लावलेल्या कागदांच्या सगळ्या प्रतींवर अक्षर एकदम उमटायचे तर आघातच लागतो. बँकेत पासबुक भरून घेणाऱ्याच्या कानांवरही ही करकर अजून पडते.

पोलंडच्या पावेल झाद्रोझन्याक याचा ‘फ्लॉपोट्रॉन’ आयबीएम १४०१च्या युक्तीसारखाच ठरावीक गतीने क्रिया करवून स्वर काढतो, पण फार मोठ्या आकारात. फ्लॉपी ड्राइव्हमधले वाचणारे डोके स्टेपर मोटर पुढे सरकवते. विजेच्या एका स्पंदाला ती एक पाऊल टाकते. सेकंदाला ४४० स्पंद दिले, की वाद्ये जुळवताना प्रमाण मानला जाणारा ४४० हर्ट्झचा स्वर निघतो. अडचण अशी, की साडेतीन इंची फ्लॉपीवर मार्ग ८०च असतात. या वेगाने डोके सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यालाही न पुरता टोकाला जाऊन थडकेल, म्हणून स्वर लांबवायचा तर दिशा पुन्हापुन्हा उलटवावी लागते. शिवाय एकटा ड्राइव्ह हळू किंवा जोरात वाजत नाही, आणि जोर हवा असेल तर एकाच स्वरावर अधिक ड्राइव्ह लावावे लागतात. २०१६ सालच्या आवृत्तीत ६४ फ्लॉपी ड्राइव्ह, ८ हार्ड डिस्क आणि २ स्कॅनर होते. हार्ड डिस्कच्या आतली भुजा झटक्याने हलवली की ठोका पडतो, म्हणून तिच्याकडे तालाची बाजू होती. २०२२ साली फ्लॉपी ड्राइव्हची संख्या ५१२वर गेली. या यंत्रावर बहुतेक चित्रपटांतल्या आणि व्हिडिओ गेममधल्या ओळखीच्या धुना वाजतात. कारागिरी थक्क करणारी आहे, पण ऐकणारा धून ओळखण्यातच गुंततो आणि यंत्राचा स्वतःचा आवाज मागे राहतो. आइसलँडच्या टेपांपुढे फ्लॉपोट्रॉन इथे उणा पडतो.

या वाद्यांचे सुटे भाग आता नव्याने फारसे बनत नाहीत. एक ड्राइव्ह बिघडला, की भंगारातून तसाच दुसरा शोधावा लागतो. जर्मनीतल्या ‘कन्झर्व्ह द साउंड’ या संग्रहाने वेगळी वाट धरली आहे. टाइपरायटर, चकतीचा फोन, कॅसेट प्लेअर अशा वस्तूंचे आवाज तेथे एकेक करून, आजूबाजूचा कोणताही आवाज येऊ न देता मुद्रित केले जातात. चकती बोटाने फिरवून सोडल्यावर ती परत येतानाची खरखर तेथे स्वच्छ ऐकू येते. घरात मात्र ती कधीच इतकी एकटी ऐकू येत नसे.